न्यायासनावरची स्त्री आणि सातबाऱ्यावरची बहीण

१९७८ हे साल भारतीय न्यायसंस्थेच्या इतिहासात एका कारणासाठी नोंदले गेले आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत सुजाता मनोहर मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या आणि जुलैमध्ये लीला सेठ दिल्ली उच्च न्यायालयाच्या. पुढे १९९१ मध्ये लीला सेठ हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या. देशातील एखाद्या उच्च न्यायालयाचे मुख्यपद स्त्रीकडे जाण्याची ती पहिलीच वेळ. त्यांचे ‘ऑन बॅलन्स’ हे आत्मचरित्र २००३ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुस्तक मात्र आजही वाचले जाते, आणि ८ मार्च जवळ आला की व्यासपीठांना अशा पुस्तकांची आठवण हमखास होते.

तक्रार पुस्तकाविषयी नाही. ते प्रांजळ आहे, आणि मोठ्या पदावरून उतरलेल्या माणसांच्या आठवणींना जो आत्मगौरवाचा वास येतो तो त्याला फारसा नाही. तक्रार आहे ती हे पुस्तक ज्या रीतीने वाचले जाते तिच्याविषयी. ‘पहिल्या स्त्री न्यायमूर्ती’ म्हटले की टाळ्या पडतात. जिद्द, गुणवत्ता, कुटुंबाचा पाठिंबा अशा गुणांची यादी वाचली जाते, आणि सभा विसर्जित होते. एका स्त्रीला दार उघडले एवढ्यावर संतुष्ट होऊन ते दार इतकी वर्षे कोणी लावून धरले होते हे विचारायचे राहून जाते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न तर कोणाला सुचतही नाही: ही बाई न्यायासनावर बसल्याने शाहूवाडी तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीच्या पदरात नेमके काय पडले?

दाराची गोष्ट आधी पाहू. लीला सेठ १९५८ मध्ये लंडनच्या बॅरिस्टरीच्या परीक्षेत पहिल्या आल्या. भारतात परतून वकिलीची उमेदवारी करण्यासाठी त्या कलकत्त्याच्या एका नामांकित बॅरिस्टरांकडे गेल्या, तेव्हाचा प्रसंग प्रसिद्ध आहे. वकिलीच्या फंदात पडण्यापेक्षा लग्न करा, असा सल्ला त्यांना मिळाला. लग्न झाले आहे, म्हटल्यावर मूल होऊ द्या. मूल आहे, म्हटल्यावर एकुलत्या मुलावर अन्याय होईल, दुसरे होऊ द्या. दुसरेही आहे, हे ऐकल्यावर मात्र बॅरिस्टरसाहेबांची शस्त्रे संपली आणि उमेदवारी मिळाली. हा प्रसंग सांगून सभागृहात हशा पिकवला जातो. वास्तविक तो हसण्याचा प्रसंग नव्हे. परीक्षेत पहिल्या आलेल्या, विलायतेत शिकलेल्या, सुस्थित घरातल्या स्त्रीची ही उलटतपासणी होत असेल, तर ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते त्या दारापर्यंतही पोचल्या नसतील हे उघड आहे.

आकडे हेच सांगतात. मुंबई उच्च न्यायालय १८६२ मध्ये स्थापन झाले. तिथे पहिली स्त्री न्यायाधीश यायला ११६ वर्षे लागली. स्त्रियांना वकिलीची सनद मिळण्यासाठीच १९२३ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, कारण तोपर्यंत कलकत्ता आणि पाटणा येथील न्यायालयांना कायद्यातल्या ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री बसते असे वाटत नव्हते. सर्वोच्च न्यायालय १९५० मध्ये सुरू झाले. फातिमा बीवी तिथे पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या त्या १९८९ मध्ये. तेव्हापासून २०२५ पर्यंत त्या न्यायालयात अकरा स्त्रिया आल्या. आजवरच्या न्यायाधीशांची एकूण संख्या मात्र अडीचशेच्या वर आहे. २०२५ च्या जूनमध्ये न्या. बेला त्रिवेदी निवृत्त झाल्यावर तिथे न्या. नागरत्ना या एकट्याच उरल्या. तेव्हा ‘पहिली’ हे विशेषण त्या स्त्रीचे भूषण असेल, पण संस्थेवरचे ते आरोपपत्र आहे. आरोपीने आरोपपत्राचीच मिरवणूक काढावी, असा हा प्रकार चालला आहे.

तरीही प्रश्न केवळ संख्येचा असता तर तो सोपा होता. न्यायासनावर स्त्रिया वाढल्या म्हणजे स्त्रियांना न्याय मिळालाच, हा समज भाबडा आहे. त्याचा दाखला केरळातच आहे. अ‍ॅना चंडी १९३७ मध्ये त्रावणकोर संस्थानात मुन्सफ झाल्या आणि १९५९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश; देशाच्या उच्च न्यायालयांतली ही पहिली स्त्री. त्यांनीही मल्याळम भाषेत आत्मकथा लिहिली. १९६७ पर्यंत त्या उच्च न्यायालयात होत्या. त्या सर्व काळात त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना १९१६ चा वारसा कायदा लागू होता. बापाने मृत्युपत्र केले नसेल तर मुलीला मुलाच्या वाट्याच्या एक चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी असेल ते मिळे. तो कायदा निष्प्रभ झाला १९८६ मध्ये, आणि तोही मेरी रॉय नावाची एक बाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडत गेली म्हणून. न्यायाधीश कायदा राबवतो. तो कायदाच विषम असेल तर त्या आसनावर कोण बसले आहे याने पक्षकार स्त्रीला फारसा फरक पडत नाही.

लीला सेठ यांचे मोठेपण येथे आहे, आणि नेमके तेच सत्कारांच्या गर्दीत झाकले जाते. १९९७ ते २००० या काळात त्या विधी आयोगाच्या सदस्य होत्या. हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता-हक्कांविषयीचा आयोगाचा १७४ वा अहवाल मे २००० मध्ये सादर झाला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीलाही मुलाप्रमाणे जन्मतः हक्क असावा, ही त्याची मुख्य शिफारस. डॉ. आंबेडकरांनी ज्या हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्याचे राहून गेलेले काम या शिफारशीने पुढे नेले. २००५ मध्ये संसदेने हिंदू उत्तराधिकार कायदा दुरुस्त केला. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मतः सहदायाद झाली. महाराष्ट्राने तर ही दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती. फक्त २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना तिने वगळले होते. पुढे बाप २००५ मध्ये हयात होता की नव्हता यावरून वाद माजले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेही मिटवले: हक्क जन्माचा आहे, बापाच्या हयातीचा नव्हे.

म्हणजे कायदा झाला, दुरुस्ती झाली, निकाल लागला. दिल्लीत जे करायचे ते बहुतांशी करून झाले. आता शाहूवाडीत काय झाले ते पाहू.

शाहूवाडी हा कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेचा डोंगराळ तालुका. सह्याद्रीच्या अंगाला भात आणि नाचणी, वारणा-कडवीच्या काठाने ऊस. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा इथल्या घराघरांतला कर्ता पुरुष गिरणीत असे, आणि मागे शेत कसत असे ती बाई. रोप लावणी, भांगलण, मळणी, जनावरांचे शेण आणि जळणाची मोळी हे सारे तिच्याकडे. जमिनीचा कस तिला ठाऊक, बांध तिला ठाऊक. पण सातबाऱ्याला ती ठाऊक नाही.

कसे ते समजून घेण्यासारखे आहे. बाप वारला की वारस नोंद करायची असते. पूर्वीची सोपी रीत अशी की थोरल्या मुलाचे नाव ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लावायचे. बाकीचे त्याच्या पोटात. कुठे बहिणींची नावे लावलीच, तर ती कब्जेदार सदरी न लावता ‘इतर हक्क’ या रकान्यात, म्हणजे जिथे सोसायटीच्या कर्जाचा बोजा आणि विहिरीच्या पाण्याचा वाटा लिहितात तिथे. बहीण वारस नव्हे, बोजा! महसुली कारकुनाच्या लेखणीने समाजाचे अंतःकरण इतक्या नेमकेपणाने क्वचितच उघडे केले असेल.

आता ती रीत मागे पडत आहे. नियमाप्रमाणे सर्व वारसांची नावे लावावी लागतात. २०२५ मध्ये राज्य शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे आणायचे ठरवले. चांगली गोष्ट आहे. पण समाजाने त्यावरही तोड काढून ठेवली आहे, आणि तिचे नाव हक्कसोडपत्र. बहिणींना माहेरी बोलावले जाते. जेवण होते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्यांना गाडीने नेले जाते. कागद आधीच तयार असतो. त्यात ‘राजीखुशीने’, ‘कोणाच्याही दबावास बळी न पडता’ आणि ‘विनामोबदला’ हे शब्द असतात. सही किंवा अंगठा होतो, छायाचित्र निघते, आणि येताना बाजारातून एक साडी घेतली जाते. संसदेने जे दिले ते अर्ध्या तासात परत होते. मुद्रांक शुल्कही नाममात्र. जमीन विकत घ्यायची तर सरकार बाजारभावावर टक्केवारीने शुल्क घेते. बहिणीने भावाला फुकट सोडायची तर सरकारही उदार होते.

‘खुशीने सोडते, त्याला कोण काय करणार?’ असे विचारले जाते. खुशीची परीक्षा सोपी आहे: भावाने बहिणीसाठी राजीखुशीने हक्क सोडल्याची पत्रे तालुक्यात किती निघतील? ज्या व्यवहारात औदार्य नेहमी एकाच बाजूने वाहते, तिथे त्याला औदार्य म्हणत नाहीत. ज्याला कूळ-जमीनदार संबंधातली ‘खुशी’ ओळखता येते, वेठबिगारीतली ‘खुशी’ ओळखता येते, त्या समाजवादी कार्यकर्त्याला ही खुशी ओळखता येऊ नये हे आश्चर्य आहे. बहीण सही करते, कारण न केल्यास माहेर तुटते. नवऱ्याने टाकले, सासरी छळ झाला, तर परतायला तेवढेच एक दार असते. ते दार उघडे राहावे म्हणून ती जमिनीची किंमत मोजते; आणि प्रत्यक्षात वेळ येते तेव्हा भावजयीच्या राज्यात ते दार कितपत उघडते, हे परित्यक्तांमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारावे. वारणेपलीकडे सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकरांच्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने अशा बायकांना संघटित केले, तेव्हा हाच प्रश्न ऐरणीवर आला होता.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा झगा घालून येतो. राज्यातली सरासरी धारणा २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार अवघी १.३४ हेक्टर, बहिणींना वाटे दिले तर जमिनीचे तुकडे होतील, शेती परवडणार नाही, असे म्हटले जाते. हा युक्तिवाद चार भावांच्या वाटणीत कोणी केल्याचे ऐकिवात नाही. तिथे बांधावर बांध पडतात, विहिरीचे दिवस वाटून घेतले जातात, आणि एकाही भावाला शेतीशास्त्राची आठवण होत नाही. तुकडे पाडणारा तो वारस आणि तुकड्याचे कारण तेवढी बहीण! शिवाय नाव लावणे म्हणजे जमीन तोडणे नव्हे. सहहिस्सेदार म्हणून नाव ठेवून एकत्र कसता येते, खंड घेता येतो, उसाच्या बिलातला वाटा घेता येतो. ज्या जिल्ह्याने सहकारी साखर कारखाना चालवून दाखवला, त्याला तीन भावंडांची एकत्र शेती चालवता येत नाही, हे कोणाला पटेल?

तिसरा आक्षेप हुंड्याचा: ‘लग्नात दिले की!’ एक तर हुंडा देणे-घेणे १९६१ पासून गुन्हा आहे. गुन्ह्याची पावती हक्काच्या हिशेबात वळती करता येत नाही. दुसरे असे की, जे दिले ते सासऱ्याच्या आणि जावयाच्या घरात गेले, मुलीच्या नावावर नव्हे. आणि लग्न भावाचेही झालेच होते. त्याचा खर्च कोणी त्याच्या वाट्यातून कापला?

जमिनीच्या मालकीचा प्रश्न हा भावनेचा नाही, अर्थव्यवहाराचा आहे, हे कार्यकर्त्याने मनावर घेतले पाहिजे. सातबाऱ्यावर नाव असेल तर विकास सेवा सोसायटीचे सभासदत्व, पीककर्ज, कारखान्याचा शेअर आणि सभेतले मत. कोल्हापूर-रत्नागिरी महामार्गाच्या रुंदीकरणात जमीन गेली, धरणाखाली गेली, की मोबदल्याचा धनादेश निघतो तोही अभिलेखातल्या नावानेच. नाव नाही तर यांपैकी काहीच नाही; मग ती बाई शेतात राबली तरी शेतकरी नव्हे, शेतकऱ्याची बायको किंवा बहीण. देशातल्या एकूण वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण २०१०-११ मध्ये सुमारे १३ टक्के होते. २००५ चा कायदा होऊन दहा वर्षे उलटल्यावर, २०१५-१६ मध्ये, ते सुमारे १४ टक्के झाले. एका शतकार्धाचा लढा, एक आयोग, एक कायदा, आणि पाच वर्षांत वाढ जेमतेम एक टक्का.

याच बहिणीला २०२४ पासून राज्य सरकार ‘लाडकी’ म्हणते आणि महिना १५०० रुपये देते. हे पैसे तिला मिळू नयेत असे कोणी म्हणणार नाही. ज्या घरात तेल-मीठ उधारीवर येते तिथे १५०० रुपयांना मोल आहे. पण वर्षाचे १८ हजार देऊन जिला लाडकी म्हणायचे, तिचा लाखोंचा हक्क त्याच शासनाच्या शिक्क्याने विनामोबदला सुटू द्यायचा, याला काय म्हणावे? ओवाळणी हा हक्काचा पर्याय होऊ शकत नाही. भावाने जे भाऊबिजेला केले तेच सरकारने केले, इतकेच.

सरकारकडे बोट दाखवताना उरलेली बोटे कोणाकडे वळतात तेही पाहावे लागेल. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण पुरोगामी चळवळीसाठीच केली असावी असे कधी कधी वाटते. स्त्री-पुरुष समतेवर शिबिरे घेणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी कितीजणांच्या सातबाऱ्यावर बहिणीचे नाव कब्जेदार म्हणून आहे? समाजवाद्यांना ज्यांचे अर्थकारण मान्य नव्हते त्या शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी स्त्रियांचे अधिवेशन भरवले आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढून नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली. मतभेद कायम ठेवूनही हे मान्य केले पाहिजे की, खासगी मालमत्तेचा पुरस्कार करणाऱ्यांना स्त्रीच्या मालकीचा प्रश्न दिसला आणि मालमत्तेच्या फेरवाटपाची भाषा करणाऱ्यांचे फेरवाटप घराच्या उंबऱ्याशी अडले.

आणि हे घडते आहे ते कोल्हापुरात. १९१९-२० या काळात शाहू महाराजांनी आंतरजातीय विवाहाला मान्यता, स्त्रियांच्या छळाला प्रतिबंध, घटस्फोट आणि जोगतीण-मुरळी प्रथेला बंदी असे कायदे एकामागून एक केले. समाजाची तयारी होईपर्यंत थांबू, असे त्यांनी म्हटले नाही. त्याच कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. दशकानुदशकांच्या आंदोलनानंतर सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांना न्याय जवळ आला. शाहूवाडीच्या माणसाला आता रात्रभर एसटीत बसून मुंबई गाठायला नको. पण जिचा हक्क तालुक्याच्या निबंधक कार्यालयातच सुटला आहे, तिने उच्च न्यायालयात काय घेऊन जावे? न्यायालय चारशे किलोमीटरवरून पन्नासवर आले; बहिणीला चावडीपर्यंतचे अंतर अजून तोडता आलेले नाही.

काय करावे, हे सांगणे अवघड नाही. हक्कसोडपत्रात सोडलेल्या हिश्शाचे बाजारमूल्य आणि मिळालेला मोबदला आकड्यांत लिहिणे सक्तीचे करावे. विनामोबदला असेल तर शुल्काची सवलत मिळू नये. वारस नोंद झाल्यापासून काही वर्षे असे पत्र नोंदवूच देऊ नये. बहिणीचे म्हणणे भावाच्या गैरहजेरीत ऐकून घ्यावे. या मागण्या विधानसभेत मांडता येतील. पण त्याआधी गावोगाव वारस नोंदीच्या वेळी चावडीत कार्यकर्ता हजर असला पाहिजे. आणि तिथे त्याचे तोंड उघडायचे असेल तर त्याने स्वतःच्या सातबाऱ्याचा उतारा खिशात घेऊन जावे.

लीला सेठ यांचे आत्मचरित्र अवश्य वाचावे, त्यावर चर्चा ठेवावी, मुलींना ते द्यावे. मात्र वाचून झाल्यावर न्यायासनावर पोचलेल्या त्या एका स्त्रीचा फोटो भिंतीवर लावून थांबू नये. तिने आयुष्याच्या उतारवयात ज्या हक्काची शिफारस लिहिली, तो घरातल्या बहिणीला दिला की नाही, एवढे उत्तर प्रत्येकाने द्यावे. ते देता येत नसेल तर ८ मार्चचे भाषण दुसऱ्या कोणाला तरी करू द्यावे.